जुनी गाडी घरी उभी करायची? आधी वही उघडा, मग बॉनेट



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुनी कार घरच्या घरी पुन्हा उभी करण्याचा, म्हणजे रिस्टोरेशनचा विषय घेतला. व्हिडिओत हाताचं काम छान दाखवता येतं, पण पैशाचा हिशोब घाईत निघून जातो. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊनच वाचा.

प्रश्न नेहमी एकाच प्रकारचा येतो. "सर, गावी काकांची फियाट दहा वर्षं पडून आहे. थोडे पैसे घालून चकाचक केली तर चांगल्या किमतीला जाईल ना? यातून धंदा होईल का?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा दोन-तीन लाखांची बचत असते, हाताला थोडं मेकॅनिकचं वळण असतं आणि डोक्यात इंटरनेटवर पाहिलेली एखादी चमकणारी गाडी असते. उत्तर चुकलं तर ती बचत अंगणात गंजत पडते. म्हणून उत्तर सरळ देतो.

धंदा होतो. पण गाडी घ्यायची, नवी करायची आणि विकायची, या वाटेने नवख्याचा पैसा बहुतेक वेळा अडकतो. रिस्टोरेशनमध्ये वीस-पंचवीस वेगवेगळी कामं असतात. त्यातलं एखादं काम तुम्ही इतरांपेक्षा चांगलं करता आणि त्याचे नेमके किती तास लागतात हे तुम्हाला माहीत असतं, तेव्हा धंदा उभा राहतो. पहिली गाडी ही माहिती मिळवण्यासाठी करायची. त्या गाडीतून तुमच्या हाती येणारा सगळ्यात मौल्यवान माल म्हणजे तुमची वही.

उदाहरणाला पद्मिनी का घेतली

बोलायला एक ठरावीक गाडी हवी, म्हणून आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. गाडी आपल्याच मातीतली आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेली कंपनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या बनायच्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७०च्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ साली झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत बातम्या होत्या.

शिकण्यासाठी ही गाडी उत्तम. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट, स्टीअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे कमानी. कुठेही कॉम्प्युटर नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानाने ऐकू येतो आणि साध्या पान्यांनी उघडता येतो. शिवाय टॅक्सीमुळे हजारो गाड्या वर्षानुवर्षं चालल्या, त्यामुळे या गाडीवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून भेटतात. त्यांच्याजवळ बसून शिकण्याची संधी फार वर्षं राहणार नाही.

पायरी पहिली: कागद

गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेट उघडू नका. आधी आरसी मागा. कागद नसलेली सुंदर गाडी म्हणजे महागडं शोपीस. खालच्या गोष्टी एक-एक करून तपासा.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अंक न अंक जुळला पाहिजे. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असणं नेहमीचं. त्याची नोंद आरसीवर नसेल, तर नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी गाडी तिथेच थांबते.

आरसीवरचा माणूस हयात आहे का? काकांच्या नावावरची गाडी आणि काका वारले असतील, तर आधी वारसांच्या नावे हस्तांतर करावं लागतं आणि सगळ्या वारसांची संमती लागते. गाडी घरचीच आहे म्हणून हे सोडू नका. गाडी उभी राहिली आणि तिला किंमत आली की वारस आठवतात.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का? चाळीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर धावपळ वाढते.

खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करावं लागतं. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते नंतर आणखी वाढलं. महाराष्ट्रात वर पर्यावरण करही आहे. मुदत संपून गेली असेल तर विलंबाचे पैसे वेगळे. त्यामुळे सौदा ठरवण्याआधी आरटीओत जाऊन एकूण किती भरावे लागतील ते लिहून आणा. ही रक्कम गाडीच्या किमतीतून वजा करून बोला.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर आणखी एक रस्ता आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची आणि नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. ग्राहकाला हे आधी सांगायचं काम तुमचं.

पायरी दुसरी: गंज

नवखा माणूस विचारतो, "इंजिन चालू होतं का?" जाणकार वाकून गाडीखाली बघतो. इंजिन कितीही खराब असलं तरी त्याच्या खर्चाला एक मर्यादा असते, कारण ते बाहेर काढून टेबलावर ठेवता येतं. गंजाला मर्यादा नसते.

पद्मिनीसारख्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. म्हणजे फ्लोअर किंवा दरवाजाखालची लांब पट्टी कुजली असेल, तर गाडीचा कणाच कुजलेला आहे. वरून रंग मारून तो प्रश्न सुटत नाही.

तीन वस्तू सोबत ठेवा: टॉर्च, बोथट पेचकस आणि पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक. चुंबक बॉडीवरून हळूहळू फिरवा. जिथे ते पकड सोडतं, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग कार्पेट उचला. फ्लोअर, डिकीचा तळ, चाकांच्या कमानी, बॅटरीखालची जागा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड इथे पेचकस टेकवून दाबा. पत्रा वाजला पाहिजे. आत गेला, तर वहीत लाल पेनाने लिहा. कोकणात आणि मुंबईत समुद्राच्या हवेत उभी राहिलेली गाडी आणि सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेत शेडखाली राहिलेली गाडी यांच्या किमतीत फरक पडला तर दुसरीला जास्त पैसे देणं स्वस्त पडतं.

साधा नियम लक्षात ठेवा: पहिली गाडी इंजिन बंद असलेली चालेल, कुजलेली चालणार नाही.

पायरी तिसरी: कामाचा क्रम

गाडी आणल्यावर पहिला मोह होतो सगळं खोलून टाकायचा. एका रविवारी चार मित्र जमतात, संध्याकाळपर्यंत गाडी चार पोत्यांत भरलेली असते आणि सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. अशी अर्धवट खोललेली गाडी भंगाराच्या भावात जाते. तुमची तशी होऊ नये म्हणून हा क्रम पाळा.

आधी बॅटरी सोडवा. मग प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर तीन फोटो: लांबून, जवळून आणि बाजूने. प्रत्येक भागाचे स्क्रू-बोल्ट वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, त्यावर चिठ्ठी: "डावा पुढचा दरवाजा, आतलं हँडल, ४ स्क्रू". जुना भाग कितीही खराब असला तरी नवा बसेपर्यंत फेकू नका. दुकानदाराला दाखवायला आणि माप घ्यायला तोच लागतो.

दुसरं, ब्रेक. गाडी हलण्याआधी ती थांबली पाहिजे. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरचे किट, रबरी पाइप आणि ऑइल हे सगळं नवं घाला. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने कधीच उडवू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.

तिसरं, इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवा. फिरलं तर ऑइल बदला आणि कॉम्प्रेशन तपासा. अडकलं तर जोर करू नका, हेड उघडायची वेळ आली आहे.

चौथं, पेट्रोलची वाट. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं. टाकी काढून साफ करून घ्या, कार्ब्युरेटर धुऊन नवं किट टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे बसवा. जुन्या गाडीला आग लागण्याचं हे एक खरं कारण आहे, त्यामुळे इथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नका.

पाचवं, वायरिंग. कडक झालेली, जागोजागी टेप मारलेली वायर ठिगळ लावून वाचवण्यापेक्षा पूर्ण नवी ओढा. प्रत्येक लाइनला फ्यूज हवा.

सहावं, पत्रा. सातवं, रंग. आठवं, सीट, छत, रबर आणि काचा. रंग लवकर मारायची घाई सगळ्यांना असते, कारण त्यामुळे काम झाल्यासारखं दिसतं. पण रंग झाल्यावर वेल्डिंग निघालं तर रंगाचे पैसे पुन्हा. आणि रंग बदलणार असाल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते, हेही विसरू नका.

काय घरी, काय बाहेर

घरी करायचं म्हणजे सगळं घरी करायचं असं नाही. खोलणं, साफसफाई, ब्रेक, वायरिंग, कार्ब्युरेटर, आतली फिटिंग, गंज घासणं हे अंगणात किंवा बंद पार्किंगमध्ये होतं. बोअरिंग, क्रँक घासणं, हेडचं फेसिंग लेथ-मशीनवाल्याकडेच द्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी अशा कामाचे पिढीजात कारागीर आहेत, तुमच्या जिल्ह्यातही एमआयडीसीच्या आसपास ते सापडतील. पेट्रोल टाकीला घरी वेल्डिंग कधीही करू नका. रिकामी टाकीसुद्धा वाफेने फुटते. आणि हार्डनरवाला आधुनिक रंग घरी साध्या मास्कवर मारू नका, त्याच्या फवाऱ्याने फुफ्फुसाला इजा होते. तो पेंट बूथमध्ये द्या.

गाडीखाली शिरताना जॅकवर विश्वास ठेवू नका, खाली लोखंडी स्टँड हवेतच. टायरवर शेवटचे चार आकडे बघा: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा-पंधरा वर्षांचा टायर वापरायचा नाही. सोसायटीत राहत असाल तर काम सुरू करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. रविवारी दुपारी ग्राइंडर चालवून शेजाऱ्यांशी वैर घेतलं की धंद्याची जागाच जाते.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही फिरायची ठिकाणं. पहिल्या फेरीत काही घेऊ नका. फक्त भाव वहीत लिहा. एकाच वस्तूचे तीन दुकानांत तीन भाव मिळतील. हा भावाचा तक्ता पुढे तुमचं भांडवल आहे.

आता खरा हिशोब

समजण्यासाठी आकडे गृहीत धरू. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला ते वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

- गाडीची खरेदी: ७०,०००
- टोइंग आणि कागदपत्रं: २०,०००
- पत्रा आणि वेल्डिंग: ६०,०००
- रंग: ७०,०००
- इंजिन आणि गिअर: ५५,०००
- ब्रेक, कमानी, टायर: ४५,०००
- वायरिंग आणि बॅटरी: २०,०००
- सीट, छत, रबर, काचा: ४०,०००

बेरीज ३,८०,०००. यात खरेदी सोडून बाकीच्या ३,१०,००० वर १५ टक्के अनपेक्षित खर्च धरा, म्हणजे ४६,५००. एकूण झाले ४,२६,५००.

गाडी समजा ४,५०,००० ला गेली. मित्र म्हणतील, "वा, साडेतेवीस हजार सुटले!" थांबा. तुमचे तास कुठे आहेत? दहा महिने शनिवार-रविवार धरून ४०० तास गेले असतील तर तासाला ५९ रुपयेसुद्धा पडले नाहीत. तुमच्या तासाची किंमत फक्त १५० रुपये धरली तरी ६०,००० रुपये होतात, म्हणजे प्रत्यक्षात ३६,५०० चा तोटा. आणि चार लाख रुपये दहा महिने अडकले, त्याचं व्याज अजून धरलेलंच नाही.

दुसरी अडचण ग्राहकाची. जुनी गाडी घेणारा माणूस रोज भेटत नाही. तो येईपर्यंत गाडी तुमच्या अंगणात आणि हप्ता तुमच्या डोक्यावर. तुम्ही किती खर्च केला यावर किंमत ठरत नाही, समोरच्याच्या हौसेवर ठरते. कांदा शेतकऱ्याला किती पैशात पडला हे बाजार विचारतो का? तसंच हे.

मग पैसा कुठे आहे? तीन वाटा

पहिली वाट, घेऊन-विकून. ती आत्ताच पाहिली. भांडवल तुमचं, धोका तुमचा. शिवाय एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. घरची एक गाडी विकणं वेगळं, धंदा म्हणून गाड्या फिरवणं वेगळं. ही वाट तिसऱ्या-चौथ्या वर्षाची, पहिल्या वर्षाची नाही.

दुसरी वाट, ग्राहकाची गाडी. गाडी त्याची, मालाचे पैसे त्याचे, तुमचं कौशल्य आणि देखरेख. वरच्याच उदाहरणात मालाचा आणि बाहेरच्या कामाचा खर्च ग्राहक देतो आणि तुम्ही ४०० तासांचे तासाला २५० प्रमाणे १,००,००० घेता. त्या गाडीची पुढे बाजारात काय किंमत होते याची चिंता तुम्हाला नाही, आणि बऱ्याचदा त्यालाही नसते. वडिलांची गाडी वडिलांच्या आठवणीसाठी उभी करणारा माणूस तिचा बाजारभाव विचारत बसत नाही. या वाटेतला धोका एकच: ग्राहकाचे पैसे मध्येच संपणं आणि खोललेली गाडी तुमच्या जागेत अडकणं. त्यावर उपाय पुढे सांगतो.

तिसरी वाट, एकच काम. नवख्यासाठी मी हीच सुचवतो. संपूर्ण गाडी घेऊच नका. जुन्या गाड्यांची फक्त वायरिंग करा. किंवा फक्त कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची लाइन. किंवा फक्त आतलं काम: सीट, दरवाज्याच्या आतल्या पट्ट्या, छताचं कापड. काम दोन-चार दिवसांत पूर्ण होतं, पैसे लगेच मिळतात, जागा कमी लागते आणि ग्राहक फक्त हौशी मालक राहत नाही. गावातले गॅरेजवालेसुद्धा तुमचे ग्राहक होतात, कारण जुन्या गाडीची वायरिंग अंगावर घ्यायला त्यांना वेळ नसतो.

कोणतं काम निवडायचं हे आरामखुर्चीत बसून ठरत नाही. इथे पहिल्या गाडीची वही कामी येते. वहीत पाच रकाने आखा: तारीख, काम, वाटलेले तास, लागलेले तास, खर्च. प्रत्येक कामाआधी अंदाज लिहायचा, झाल्यावर प्रत्यक्ष. दरवाज्यांची रबरं बसवायला २ तास वाटले आणि ५ लागले, तर तिथे तुमचा अंदाज अडीच पट चुकतो. वायरिंगला ३० तास वाटले आणि ३२ लागले, तर तिथे तुमचा हात आणि डोकं दोन्ही बसलंय. ज्या कामात अंदाज आणि प्रत्यक्ष जवळ येतात, दर्जा चांगला होतो आणि करताना कंटाळा येत नाही, ते तुमचं काम. दर सांगण्याची हिंमत त्या कामातच येते.

ग्राहकाशी कसं बोलायचं

समजा निवृत्त झालेले एक काका त्यांची पद्मिनी घेऊन आलेत.

"किती लागतील रे एकूण?"

इथे नवखा मुलगा घाबरून एक आकडा फेकतो. तसं करू नका. असं म्हणा:

"काका, गाडी उघडल्याशिवाय एकूण आकडा सांगितला तर तो खोटा असेल. आधी फक्त तपासणी करू. तिचे एवढे पैसे. मी तुम्हाला फोटोंसह लेखी यादी देतो: काय करायलाच हवं, काय केलं तर बरं, काय राहू दिलं तरी चालेल. ती यादी तुमची. काम माझ्याकडे करा नाहीतर दुसरीकडे."

"आणि मध्येच काही निघालं तर?"

"निघणारच काका, जुनी गाडी आहे. म्हणून कामाचे चार टप्पे करू. प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी, आणि टप्पा संपला की तुम्ही येऊन बघायचं. पटलं तर पुढे. नाही पटलं तर गाडी जोडून तुमच्या दारात. ठरलेल्याच्या वर पाच हजारांचं काम निघालं तर तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

या चार वाक्यांत तुमचं अख्खं करारपत्र आहे. हेच एका पानावर मराठीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. त्यात आणखी दोन ओळी घाला: काढलेले जुने भाग ग्राहकाला परत मिळतील, आणि टप्प्याचे पैसे ठरावीक दिवसांत आले नाहीत तर जागेचं भाडं लागेल. दुसरी ओळ लिहायला संकोच वाटेल. तरी लिहा. गाडी अडकली तर तीच ओळ तुमची जागा मोकळी करून देईल.

बिलं सगळी जपा. मालाचं मूळ बिल ग्राहकाला दाखवा आणि माल आणण्याचे तुमचे पैसे वेगळे लावा. मालाच्या भावात गुपचूप चढवलेले पैसे एक दिवस कळतातच, आणि हौशी गाडीवाल्यांच्या गटांत बातमी फार वेगाने पसरते.

नोंदणीचं थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती पहिल्याच महिन्यात करा. बँकेत चालू खातं उघडा, घरखर्च आणि धंदा एका खात्यात ठेवू नका. सेवेच्या व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण बाहेरच्या राज्यात माल पाठवणार असाल तर आधी सीएला विचारा. दुसऱ्याची गाडी तुमच्या जागेत उभी असताना तिचा विमा चालू आहे का हे बघा, नसेल तर कराराच्या पानावर तसं लिहून घ्या. आणि एक अग्निशामक सिलिंडर आजच आणा. पेट्रोलच्या कामात तो धंद्याचा पहिला अवजार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

गाडी घ्यायची नाही. खिशातून एक रुपया काढायचा नाही. फक्त तीन गोष्टी करायच्या.

एक, तुमच्या पंचक्रोशीत उभ्या असलेल्या पाच जुन्या गाड्या शोधा आणि मालकांशी बोला. गाडी का पडून आहे, कागद आहेत का, आणि उभी करायची इच्छा असूनही कुठल्या कामासाठी माणूस मिळत नाही, हे विचारा. पाचपैकी तिघांनी एकच काम सांगितलं, तर तुमच्या गावात तुम्हाला धंदा कुणीतरी हातात आणून दिलाय.

दोन, एखाद्या जुन्या मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये दोन रविवार बसा. हातात पाना देतील तो धरा, सांगतील ते करा. पैसे मागू नका.

तीन, वहीत ते पाच रकाने आखा आणि घरातलं कोणतंही एक दुरुस्तीचं काम करून पहिली ओळ भरा. मोटरसायकलचं कार्ब्युरेटर साफ करा, सायकलचं चाक बसवा, पंख्याचा कपॅसिटर बदला. वाटलेले तास आणि लागलेले तास लिहा.

तुमचा पहिला आकडा व्हिडिओखाली लिहून कळवा. पुढच्या भागात आपण तिसऱ्या वाटेचं, म्हणजे एकाच कामाचं दरपत्रक कसं तयार करायचं ते बघू. तोवर पैसे बँकेत राहू द्या, काकांची फियाट आहे तिथेच राहू द्या. फक्त तिच्या चासी नंबरचा फोटो आणि आरसीची झेरॉक्स मात्र आणून ठेवा.